माटवी वाचायची रीत

पार्से गावात नवी सून आली की तिच्या ट्रंकेत काय काय आलं ते चार दिवसांत सगळ्या वाड्याला पाठ होतं. कुणी समई आणते, कुणी शिवणयंत्र आणते, कुणी नुसताच तोरा घेऊन येते. देवकीची यादी मात्र एका वस्तूपाशी अडली आणि पुढची सात वर्षं तिथेच अडून राहिली. ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या खाली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. सासूने, म्हणजे पद्मावतीने, ते सोडलं. आत राख होती आणि राखेत बिया होत्या.

"कसल्यो गे ह्यो बियो? मिरसांगेच्यो?" तिला त्या मिरचीच्या वाटल्या.

"रानाच्यो," देवकी म्हणाली. "माटवीक लागतत त्यो."

पद्मावतीने गाठ परत मारली आणि हात झटकले. "शेत पेरणारी माणसां खूप बघितलंय. रान पेरणारी आजच बघतंय," ती म्हणाली. हे आपलं वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की विहिरीवर जाऊन तिने ते आणखी दोघींना सांगितलं. संध्याकाळपर्यंत 'रान पेरणारी सून' हे देवकीचं नाव पक्कं झालं. बारशाला एवढा खर्च करून ठेवलेलं नाव असं एका दिवसात पुसलं जातं, त्याला इलाज नाही.

माटवी म्हणजे काय हे घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून सांगून टाकतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला एक चौकट टांगतात. त्या दिवसांत परसात नि रानात जे जे धरतं ते सगळं तिला बांधायचं. नारळाची पेंड, म्हणजे अख्खा घोस, पोफळीचा घड, तोरिंजन, चिबूड, काकडी, आंबाडे, आणि रानातली फळं, फुलं, पानं. गोव्यात तिला माटोळी म्हणतात, सावंतवाडीकडे माटवी. देवकी आईबापाच्या तोंडचा शब्द सोडायला तयार नव्हती. ती माटवीच म्हणायची, आणि त्यावरूनही लोक तिला चिडवून घ्यायचे.

तिचे वडील बाबली बांद्याच्या बाजूचे. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी ते डिचोली तालुक्यात मुळगावला खाणीवर कामाला आले, तेव्हा देवकी दोन वर्षांची होती. आई लक्ष्मी खनिजाच्या पाट्या डोक्यावरून वाहायची. पावसाळ्यात खाणीचं काम थंडावे आणि बाकीचे कामगार चवथीला आपापल्या गावी पळत. बाबलींना मात्र पळता येत नसे, कारण ते पंपावर होते. पाऊस लागला की खाणीच्या खड्ड्यात पाणी भरे, ते रात्रंदिवस उपसावं लागे, आणि चवथ तर येणार ती भर पावसातच. त्यामुळे गावच्या घरी भावकीत बसणारा आपला गणपती देवकीने लहानपणी कधी बघितलाच नाही.

दुसरी एखादी बाई नवऱ्याला दोष देत बसली असती. लक्ष्मीने वेगळाच हिशेब मांडला. भावकीची मूर्ती दोन ठिकाणी बसत नाही हे खरं, पण माटवी बांधायला कोण अडवतंय? तिने चार कामट्यांची चौकट केली आणि खोलीच्या पत्र्याखालच्या वाशाला टांगली. खाली कॅलेंडरावरचा गणपती भिंतीला लावला. नारळाची पेंड कुठून आणणार? माड दुसऱ्याचा, पोफळ दुसऱ्याची, केळही दुसऱ्याची. पण खोल्यांच्या मागे मुळगावचा डोंगर होता आणि त्यावर अजून कुणी यंत्र घातलं नव्हतं. तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, लक्ष्मी पोरीला घेऊन डोंगर चढायची. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात कोयती. केवणीचं झुडूप दिसलं की आधी त्याची साल सोलून घ्यायची, कारण बांधायला दोर तिचाच. मग शेरवडाची पांढरी पानं, तांबडी कवंडाळं, कांगणीचे पिवळे घोस, घागऱ्यांच्या शेंगा, काटेरी फागलं, कळलावीची फुलं. लक्ष्मी प्रत्येकाचं नाव घेऊनच ते तोडायची.

"नाव घेतल्याबिगर तोडू नये," ती सांगायची. "वर्षातसून एकदा तरी सगळ्या रानान देवाफुडे येवक व्हया. आनी देवाफुडे कोण इला, ता देवाक सांगूक नको?"

माटवी बांधून झाली की त्या खोलीत एक खेळ चाले. तो दुसऱ्या कुठल्या घरात होता असं माझ्या ऐकिवात नाही. चवथीला आरती झाली की तिघंही माटवीखाली जमिनीवर पाठ टेकून निजत आणि वर बघून एकेका वस्तूचं नाव घेत. लक्ष्मी त्याला 'माटवी वाचणं' म्हणे. "माका अक्षर येणा नाय, पण ही माटवी मी वाचतंय," असं ती मोठ्या ऐटीत सांगे. जो सगळी नावं बरोबर घेईल त्याला पहिली नेवरी, म्हणजे करंजी. पोर एकुलती एक, त्यामुळे तिचा सामना बापाशी. बाबली पंपावरून तासाभराची सुटी काढून येत, ओल्या कपड्यांनीच निजत, आणि नावं घेत घेत कांगणीपाशी आले की म्हणत, "करवंद." दरवर्षी करवंद. देवकी हसून हसून लोळायची. ऑगस्टात कुठलं आलंय करवंद! बाबा एवढा मोठा पंप चालवतो आणि त्याला कांगणी ओळखता येत नाही, याची तिला कीव यायची. पहिली नेवरी दरवर्षी तिलाच मिळाली. वडील तिच्या लग्नाआधीच गेले; पुढे सासरी, एका दुपारी भांडी घासताना, तिच्या एकदम लक्षात आलं की हा माणूस तर कांगणीच्या वेलाखालीच लहानाचा मोठा झालेला. मग ती भांडी तशीच टाकून रडली.

देवकी बारा वर्षांची झाली तेव्हा डोंगराला यंत्र लागलं. पहिल्या वर्षी कवंडाळं गेली, दुसऱ्या वर्षी शेरवडाची जागा गेली. हिरवा डोंगर होता तिथे तांबड्या मातीचा ढीग आला. लक्ष्मी त्याच खनिजाच्या पाट्या वाहत होती, तेव्हा तक्रार करणार कुणाकडे? तिने आपल्यापुरता उपाय केला. माटवी उतरली की ती फळं फोडायची, बिया राखेत वाळवायची आणि उरलेल्या उतारावर पेरायची. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यातल्याच बिया तिने लुगड्याच्या फडक्यात बांधून दिल्या. बरोबर द्यायला तिच्याकडे याहून जुनं असं दुसरं काही नव्हतं.

आता पार्सेतलं घर. घर मोठं आणि खाऊनपिऊन सुखी. पाच शाखांचं मिळून एक, आणि गणपतीही पाचांचा मिळून एकच. दरवर्षी एका शाखेची पाळी. ज्याची पाळी त्याने मूर्ती आणायची, माटोळी बांधायची, पाच दिवस आल्यागेल्याचं करायचं. बाकीचे चार पाहुण्यासारखे बसून नावं ठेवायला मोकळे. देवकीचा नवरा गोकुळदास पेडणे-पणजी रस्त्यावर बस चालवायचा. माणूस सरळ. 'जाऊ दे' हे त्याचं पालुपद. घरातला वडीलधारा म्हणजे शिवदासतात्या, गोकुळदासाचा चुलता, सत्तरी गाठलेला, ताठ कण्याचा आणि ताठ मताचा. तो कुणाचं वाईट करणारा नव्हता. पण रीत या शब्दापुढे त्याला माणूस दिसायचं नाही.

देवकीने पहिल्याच पावसात घरामागच्या काजूच्या उतारावर बिया टाकल्या. बांधावर शेरवडाच्या फांद्या रोवल्या. बाकीचं गाव जे उपटून टाकतं ते ही मुद्दाम लावते, हे बघून माणसांना फुकटची करमणूक झाली. काजूची बेणणी करायला, म्हणजे खालचं रान कापायला, गडी आले की देवकी कोयत्यापुढे उभी राहायची. हा वेल नको, ते झुडूप नको. गडी म्हणायचे, बाये, मग आम्ही कापू काय, काजू? पद्मावती पडवीतून ओरडायची, "कापा रे ता सगळा, तिका रानटी होवक व्हया तर व्हऊ दी." पण ती स्वतः उठून कधी उपटायला आली नाही, हे देवकीने मनात नोंदवून ठेवलं होतं.

दोन वर्षांनी या शाखेची पाळी आली, आणि त्याच आषाढात देवकीचा सासरा गेला. वर्ष सरायच्या आत त्या शाखेला पाळी कसली? ती शिवदासतात्यांनी चालवली. त्यानंतर पाच वर्षांनी, गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी, पाळी परत आली. चवथीला दहा दिवस होते आणि गोकुळदास बसच्या टपावर सामान बांधताना घसरून पडला. उजवा हात मोडला, मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर.

त्या घरात एक बोलणं होतं. पाळी एकदा चुकली तर अडचण, दोनदा चुकली तर रीत. मागे एका शाखेची पाळी अशीच दोनदा चुकली होती. त्यांना कुणी हाकललं नाही, कुणी वाईट बोललं नाही. पण तिसऱ्यांदा त्यांना विचारायचंच राहून गेलं, आणि आता ते चवथीला येऊन जेवून जातात. गोकुळदासाच्या शाखेवर तीच वेळ आली होती, आणि हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

शिवदासतात्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. "गोकुळदासान हात मोडून घेतलो. तेचो दोस नाय. पण माटोळी कोण बांदतलो? मी म्हापशाच्या बाजारातसून सामान आणतंय. पाळी माका द्या."

गोकुळदासाचं 'जाऊ दे' ओठावर आलंच होतं. त्याच्याआधी देवकी बोलली.

"माटवी मी बांदतंय, तात्या."

"माटोळी दादले बांदतत, बायलो नाय. ती रीत आसा."

"माझ्या म्हायाराक माझी आवस बांदी."

"खाणीवरच्या खोलयेत," तात्या म्हणाले. हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. पण देवकीच्या जिव्हारी लागलं, आणि जिव्हारी लागलं की माणूस तोल सोडतो.

"होय, खोलयेत. आनी बाजारातली एक वस्तू न आणता बांदी. मी पण एक वस्तू आणूचंय नाय. मागच्या उतारावर काय आसा तेनीच तुमची चौकट भरीन."

 मग कोपऱ्यातून आवाज आला तो पद्मावतीचा. रान पेरणारी म्हणून सात वर्षं सुनेला हिणवणारी तीच पद्मावती. "भाऊजी, पाळी माझ्या घोवाची आसा," ती म्हणाली. "ही बांदता म्हणता तर बांदू दी. दादल्यांनीच बांदूची म्हणून खंय लिवन ठेवलेला आसा?"

तात्यांनी विचार केला. "तयेक दिवेलागणीपर्यंत माटोळी चढूक व्हयी," ते म्हणाले. "नाय चढली तर पाळी माझी. सामान माझ्या खोलयेत तयार आसतला." म्हाताऱ्याचं हे बोलणं रास्त होतं, आणि म्हणूनच देवकीला त्या रात्री झोप लागली नाही.

गोकुळदासाने डाव्या हाताने जमेल ती मदत केली. बायकोला दोर लागणार म्हणून त्याने मांद्र्याहून होडीवाल्यांचा निळा नायलॉनचा दोर मागवला. पक्का, कधीही न तुटणारा. देवकीने आईला मुळगावला निरोप धाडला की तयेच्या दिवशी दुपारपर्यंत ये. आणि स्वतः दोन दिवस उतारावर राहिली. सात वर्षांत तिथे काय काय उभं राहिलं होतं ते तिनेही एवढं नीट कधी बघितलं नव्हतं. काजूच्या फांद्यांवरून कवंडाळाचे वेल चढले होते आणि पानांआड लिंबाएवढी तांबडी फळं लोंबत होती. कांगणीला घोस होते. बांधभर शेरवड पांढरं झालं होतं. ती नाव घ्यायची आणि तोडायची. दुसऱ्या दिवशी मागे कुणीतरी आहे असं वाटून तिने बघितलं, तर पद्मावती सूप घेऊन उभी. "बघतंस काय? घाल ह्येच्यात," सासू म्हणाली. नारळाची पेंड घरच्या माडाची निघाली, पोफळ, केळ, तोरिंजन, निरफणस, सगळं परसातलं. बाजाराची एक काडी घ्यावी लागली नाही.

तयेच्या दुपारी देवकी स्टुलावर चढली. घरची चौकट सागाची, दोन माणसं निजतील एवढी, चार साखळ्यांवर टांगलेली. ती लहानपणी बांधायची तशी बांधत गेली. आधी पानं, मग फुलं, मग लहान फळं, एकेक निगुतीने. आईची वाट बघत होती, पण बस काही आली नाही. चार वाजता माटवी डोळ्यात भरण्यासारखी दिसायला लागली. आता उरली जड फळं. जिथे जागा होती तिथे, म्हणजे एका कडेला, तिने वीस नारळांची पेंड निळ्या दोराने बांधली. चौकट कलली. तिने दुसऱ्या कडेला निरफणस बांधायला घेतला, तेवढ्यात ओल्या देठावरून नायलॉनची गाठ सुळकन सरकली. पेंड धाडकन खाली आली. चौकटीला हिसका बसला आणि निम्मी फळं खालच्या पाटावर सांडली. दोर मात्र गोकुळदास म्हणाला तसा तुटला नाही.

आवाज ऐकून तात्या आले. त्यांनी सांडलेलं सगळं बघितलं, पण हसले नाहीत. "लागला नाय मा तुका?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "जमना नाय तर शरम नाय गे. माका दी. दोन तास आसत."

देवकी स्टुलावरच बसली. तिला आपली चूकच कळत नव्हती. आपण आईसारखंच बांधलं, मग पडलं कसं? हरण्याचं दुःख होतंच. पण आईचं नाव घेऊन हरल्याची लाज त्याहून मोठी होती.

तेवढ्यात पडवीत कुणीतरी खाकरलं. लक्ष्मी. खांद्यावर पिशवी, पायांना चिखल. वाटेत बस बिघडली आणि तिने शेवटचे दोन मैल पायीच काढले होते. विहिणीच्या घरात एकदम शिरायचं कसं म्हणून ती पायरीवरच थांबली होती.

"विहीणबाई, भायर कित्याक उभी? भितर या," पद्मावती म्हणाली. "तुमच्या चेडवान बघा काय करून ठेवलान."

लक्ष्मी आत आली. तिने आधी वर बघितलं, मग खाली बघितलं.

"पेंड कडेक कोणी बांदल्यान?"

"मी."

"आनी आदी बारीक बांदलंस, मगे जड?"

देवकीने मान हलवली. लक्ष्मी तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिचा चेहरा एकदम पालटला. "तुजो काय दोस गो," ती हळू म्हणाली. "आमच्या माटवीक पेंड होती कदी? जड काय बांदूचा, ता मी तुका शिकवतलंय खंयसून?"

खरी गोष्ट तीच होती. त्या कामट्यांच्या चौकटीला पानाफुलांपेक्षा जड असं कधी काही लागलंच नव्हतं. गरिबाच्या माटवीला तोल सांभाळावा लागत नाही. पण लक्ष्मीने वीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिली होती आणि वजन काय करतं ते तिच्या मानेला ठाऊक होतं. तिने पदर खोचला. "जड मदी. मगे दोन कडांक सारख्या वजनाचा. बारीक सगळ्यात शेवटाक. पाटी भरतत तशी." पिशवीतून तिने केवणीच्या सालीचे दोर काढले, डोंगराच्या उरलेल्या कुशीतून सोलून आणलेले, पाण्यात भिजवून मऊ केलेले. निळा दोर तिने गोकुळदासाच्या हातात दिला आणि म्हणाली, "जावयबापूनु, ह्यो होडयेक बरो." साल देठात रुतते, ती सरकत नाही.

मग दीड तास त्या खोलीत कुणी वायफळ बोललं नाही. पेंड मध्ये चढली. एका टोकाला पोफळीचा घड, दुसऱ्या टोकाला केळीचा. चौकट हलत होती म्हणून लक्ष्मीने इकडेतिकडे बघितलं, आणि जवळ उभा असलेला उंच माणूस बघून त्याला सरळ सांगितलं, "तुमी उंच आसात. ह्या टोक धरून ऱ्हवा." तो उंच माणूस म्हणजे शिवदासतात्या.  तात्यांनी टोक धरलं. पद्मावती खालून वस्तू देत होती, देवकी गाठी मारत होती, आणि आई-लेकी प्रत्येक गाठीला नाव घेत होत्या. शेवटचं शेरवड बांधून झालं तेव्हा उजेड अजून शिल्लक होता. साखळ्या सरळ होत्या आणि चौकट पाण्यासारखी सपाट. तात्यांनी टोक सोडलं, दोन पावलं मागे गेले आणि पद्मावतीला म्हणाले, "वयनी, दिवो लाव." बस्स, तेवढंच. पण त्या तीन शब्दांनी पाळी राहिली.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. आरतीला पाचही शाखांची माणसं आली आणि त्यातल्या निम्म्यांनी देवाऐवजी माटवीकडे बघून हात जोडले. आरती झाल्यावर देवकीने चटया घातल्या आणि घरातल्या सगळ्या पोरांना माटवीखाली निजायला सांगितलं. नियम सांगितला, पहिली नेवरी दाखवली. पोरं नारळ, केळी, काकडीपर्यंत झपाट्याने गेली आणि मग चाचपडायला लागली. एकाने कवंडाळाला टोमॅटो म्हटलं. तात्या कादेरीवर, म्हणजे खुर्चीत, बसून ते ऐकत होते. दोन वेळा त्यांनी बसल्या जागेवरून चूक सुधारली. तिसऱ्या वेळी म्हणाले, "हयसून नीट दिसणा नाय." आणि तो ताठ कण्याचा माणूस धोतर सावरून पोरांच्या मध्ये चटईवर निजला.

घागऱ्या त्यांनी ओळखल्या. फागलं ओळखलं. कळलावीला वाघनखी म्हणाले, तेही बरोबर. मग त्या तांबड्या फळापाशी आले आणि अडले. 

"ह्या माझी आवस बांदी," ते वरच बघत म्हणाले. "दादले बांदत, पण ह्या एक ती हट्टान आपल्या हातान बांदी. मी सात वर्सांचो आसताना ती गेली. नाव याद नाय."

"कवंडाळ," लक्ष्मी दारातून म्हणाली.

"कवंडाळ," तात्या म्हणाले. त्यांनी ते दोनदा म्हटलं. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं तेही पुसलं नाही, निजलेल्या माणसाला ते लपवताही येत नाही. मग उठून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवकी, येत्या वर्सा पाळी माझी. माटोळी तू बांदतलंस. आनी बियो माका दी. माझ्या परसातय पेरतंय."

आज त्या घरात पाचही शाखांच्या परसात रान पेरलेलं आहे. बेणणीच्या वेळी गडी आता आधी देवकीला बोलावतात. मुळगावच्या डोंगराचा फारसा काही भाग उरलेला नाही, पण त्याच्यावर जे होतं ते पार्सेत दरवर्षी देवापुढे येतं. तात्या गेले, पद्मावती गेली. चवथीला लग्न झालेल्या मुली मुंबईहून, पुण्याहून येतात त्या आधी चटईवर पाठ टेकतात आणि मग चहा मागतात.

पण मी सांगत होतो ती पहिल्या वर्षाची गोष्ट, आणि ती अजून संपलेली नाही. तात्या उठल्यावर नेवरी कुणाची यावरून पोरांत भांडण लागलं. सगळी नावं तर कुणालाच आली नव्हती. पद्मावतीने निकाल दिला. "विहीणबाई आनी देवकी. तुमी दोगी निजा. कोण जिंकता बघूया."

लक्ष्मी लाजली. एवढ्या माणसांसमोर, व्याह्यांच्या घरात, असं निजायचं? देवकीने तिला हाताला धरून आणलं. दोघी शेजारी शेजारी पाठ टेकून निजल्या, वर सागाची चौकट, खाली सारवलेली जमीन, आणि एकीमागून एक नावं घेत गेल्या. नारळ. पोफळ. शेरवड. आंबाडे. लक्ष्मी अडत नव्हती, देवकी अडत नव्हती. पोरं बोटांवर मोजत होती. त्रेसष्ट वस्तू होत्या, बासष्ट झाल्या, आणि शेवटचा पिवळा घोस देवकीच्या वाट्याला आला.

देवकीने तो नीट बघून घेतला. मग शांतपणे म्हणाली, "करवंद."

पोरांनी गिल्ला केला. चूक, काकी चुकली, एवढं साधं येत नाही! लक्ष्मीने मान वळवून लेकीकडे बघितलं.  

"कांगणी," ती म्हणाली.

आणि पहिली नेवरी लक्ष्मीला मिळाली. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच.